हातावेगळे

मराठीत कामासंबंधी जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांपैकी पुष्कळांत हात आहे. काम आपण हाती घेतो, कोणाच्या तरी हाताखाली ते शिकतो आणि अखेरीस ते हातावेगळे करतो. कचेरीत ज्यांची हयात जाते अशा आपल्यासारख्यांना यांतील शेवटचा शब्द विशेष प्रिय असावा, यात नवल नाही. टेबलावरचे प्रकरण एकदा हातावेगळे झाले की संध्याकाळची बस सुखाची वाटते. परंतु या शब्दाच्या पोटात आणखी एक अर्थ आहे. काम जर हातापासून अक्षरशः वेगळे झाले, म्हणजे ज्याची स्वाक्षरी त्याखाली आहे त्याचा हात त्या कामाला कोठे लागलाच नाही, तर त्या कामास त्याचे काम म्हणावे काय? आजवर हा प्रश्न शब्दच्छल ठरला असता. आता तो तसा राहिलेला नाही.

संगणकाची आज्ञावली लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आता पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहेत. 2021 साली गिटहब कोपायलट आला, तेव्हा तो लिहिणाऱ्याला पुढची ओळ सुचवीत असे. नंतरचे सहायक संपूर्ण आज्ञावली लिहू लागले. तरीही मध्ये माणूस होता. सहायकाने लिहिलेले तो उचली, आकडेवारी जेथे ठेवलेली आहे अशा ज्युपिटरसारख्या ठिकाणी नेऊन चालवी, काय निष्पन्न झाले ते पाही, आणि चुकले असल्यास पुन्हा सहायकाकडे येई. ही ये-जा कंटाळवाणी होती खरी. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, संक्षेपाने एमसीपी, या नावाची एक खुली पद्धती प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी इतर मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली. सहायक आणि आकडेवारीचे कोठार यांना परस्परांशी जोडण्याचे ते एक सामाईक वळण आहे. जोडणी झाली की सहायक स्वतःच कोठारात जातो, कोणते तक्ते आहेत ते पाहतो, त्यांतील रकाने निवडतो, आज्ञावली लिहून चालवतो, अडल्यास दुरुस्त करून पुन्हा चालवतो आणि सिद्ध झालेला तक्ता आपल्यापुढे ठेवतो. चहा निवण्यापूर्वी अशा पाच-सहा फेऱ्या होऊन जातात. मधला माणूस गेला, त्याबरोबर मधला हातही गेला.

यात काही वाईट झाले असे म्हणण्याची आम्हांस घाई नाही. ज्या कार्यालयात सांख्यिकी जाणणारा एकच मनुष्य असतो आणि त्याच्या दाराशी साऱ्यांची रांग असते, तेथे मराठी वा इतिहास घेऊन पदवीधर झालेल्या कारकुनालाही आकड्यांना थेट प्रश्न विचारता यावा, ही गोष्ट लहान नव्हे. ज्ञानाच्या कोठाराच्या किल्ल्या थोडक्यांच्याच कमरेला असाव्यात, असे कोणता समंजस मनुष्य म्हणेल? तेव्हा जोडणी असावी की नसावी, हा आमचा प्रश्न नाही. काम त्याने केले आणि स्वाक्षरी आम्ही केली, तर त्या स्वाक्षरीचा अर्थ काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, की गणकयंत्राने केलेली बेरीज आपण कोठे पुन्हा हाताने ताडून पाहतो? आक्षेप रास्त आहे. परंतु गणकयंत्र बेरीज करते ती आम्ही दिलेल्या आकड्यांची, आम्ही सांगितलेल्या रीतीने, आणि शंभर वेळा दिली तर शंभरही वेळा तीच. काय मिळवायचे आणि काय वगळायचे, हा निर्णय त्यात नसतो. जोडलेला सहायक नेमका हाच निर्णय घेतो. कोणता रकाना खरा मानायचा, रिकाम्या जागांचे काय करायचे, कोणती कुटुंबे वगळायची, हे तो ठरवतो; आणि आकडेवारीत उत्तर बहुधा बेरजेत नसून या ठरवण्यातच असते.

एक उदाहरण घेऊ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने 2022-23 साली कुटुंबांच्या खर्चाची जी पाहणी केली, तिच्यात 2,61,746 कुटुंबांची माहिती घेण्यात आली. देशातील कोट्यवधी कुटुंबांच्या वतीने एवढीच कुटुंबे बोलली. म्हणून प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीबरोबर एक गुणक दिलेला असतो. ते एक कुटुंब आपल्यासारख्या किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते, हे तो गुणक सांगतो. सर्वेक्षणाच्या अनेक फेऱ्यांत हा गुणक जसाच्या तसा वापरून चालत नसे. तो कोठे शंभराने, तर कोठे दोनशेंनी भागावा लागे, आणि केव्हा कशाने, हे सोबतच्या सूचनापत्रात लिहिलेले असे. आता समजा, सहायकाने तक्ता उघडला, खर्चाचा रकाना ओळखला आणि गुणक न लावताच सरासरी काढली. संगणक तक्रार करणार नाही. तांबड्या अक्षरांत काही उमटणार नाही. एक सुबक आकडा समोर येईल आणि तो चुकीचा असेल. कोणत्या दिशेने चुकेल, तेही सांगता येते. त्या पाहणीतील 1,06,732 कुटुंबे शहरी होती, म्हणजे शंभरात सुमारे एक्केचाळीस. आणि 2011 च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या शंभरात एकतीस होती. नमुन्यात शहराचा वाटा हेतुपुरस्सर अधिक ठेवलेला असतो, गुणक तो सावरून घेतो. गुणक विसरला की शहराचे पारडे जड होते, सरासरी खर्च वाढतो आणि खेड्यातील कुटुंब आहे त्यापेक्षा सुखी दिसू लागते. उपाशी माणसाला कागदावर जेवू घालण्याइतके सोपे काम दुसरे नाही.

सहायक पुष्कळदा गुणक बिनचूक लावतो, हेही सांगितले पाहिजे. खरी अडचण तेथूनच सुरू होते. जो दहा वेळा चुकतो, त्याच्यावर आपली नजर असते. जो नऊ वेळा अचूक असतो, त्याच्यावरची नजर आपण काढून घेतो, आणि दहाव्या वेळी पाहणारे कोणी नसते.

मग हाताखालच्या माणसाचे काय? सहायक कारकून टिप्पणी लिहितो, वरिष्ठ सही करतो. तेथेही काम एकाचे आणि स्वाक्षरी दुसऱ्याचीच असते. परंतु हाताखालचा माणूस आणि हे यंत्र यांत एक भेद आम्हांस मोठा वाटतो. हाताखालचा माणूस स्वतःही सही करतो. टिप्पणीच्या डाव्या बाजूस त्याची आद्याक्षरे असतात. उद्या विचारणा झाली तर त्यालाही उत्तर द्यावे लागते. त्याला लाज असते, भीती असते, आणि चांगला असल्यास अभिमानही असतो. या तिहींमुळे तो संशय आला की थांबतो आणि साहेबांच्या दारावर टकटक करतो. यंत्रास कारण विचारले तर ते देते, उत्तम भाषेत देते. पण ते कारण हेही त्याचे एक नवे लेखनच असते. चुकल्यास ते क्षमा मागते, तीही उत्तम भाषेत. मात्र त्या क्षमेने त्याचे काही कमी होत नाही. जबाबदारी ही विभागता येणारी वस्तू असली, तरी तिचा वाटा घ्यायला समोर कोणीतरी असावे लागते. येथे समोर कोणी नाही. म्हणून ती सगळीच्या सगळी स्वाक्षरी करणाऱ्यापाशी परत येते.

येथवर कोणाचे दुमत होणार नाही, असे आम्हांस वाटते. कठीण भाग पुढे आहे. जबाबदारी आमची, एवढे म्हणून मोकळे होणे हा निव्वळ शब्दोपचार झाला. जे तपासण्याची शक्ती आमच्यात नाही, त्याची जबाबदारी आम्ही घेतो म्हणणे म्हणजे खिशात दमडी नसताना जामीन राहणे होय. असा जामीनदार उदार दिसतो. वस्तुतः तो धनकोला फसवत असतो. म्हणून आमचे मत असे झाले आहे, की सहायकाला किती जोडावे याचे माप त्याच्या सामर्थ्यात शोधू नये. ते आमच्या तपासण्याच्या सामर्थ्यात शोधावे. जेवढे आम्ही पाहू शकतो, तेवढेच त्याच्या हाती द्यावे.

आणि हे माप नुसत्या सांगण्याने राखले जात नाही. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या अमेरिकन कंपनीच्या सहायकाने, काही बदल करू नये असे स्पष्ट बजावलेले असताना, एका ग्राहकाचे चालू कामातील माहितीचे कोठार पुसून टाकले. पुसलेले परत मिळणार नाही, असेही त्याने सांगितले. प्रत्यक्षात ते मिळाले. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली, आणि प्रयोगाचे कोठार व कामाचे कोठार वेगळे ठेवण्याची व्यवस्था केली. या प्रसंगातून घ्यावयाचे ते हे, की मनाई शब्दांत होती, पण दार उघडे होते. वाचण्याचीच मुभा द्यायची असेल, तर वाचण्यापुरतीच किल्ली द्यावी. लिहू नकोस असे बजावून लिहिण्याची किल्ली देऊ नये. कोठारातल्या मजकुराचाही धोका आहेच. एखाद्या रकान्यात कोणी खोडसाळपणे हुकमाच्या भाषेत काही लिहून ठेवले, तर सहायक त्यालाच आज्ञा समजून वागू शकतो. आलेला अर्ज आणि निघालेला हुकूम यांतील फरक आपल्याकडे नवशिक्या कारकुनालाही कळतो. या विद्वान सहायकाला तो कधी कधी कळत नाही.

तपासणे म्हणजे अविश्वास, असे काहींना वाटते. त्यांनी कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे स्मरण करावे. नमुना पाहणीत त्यांनी अशी रीत घातली, की एकाच प्रदेशाचे दोन उपनमुने स्वतंत्रपणे काढावेत, दोन वेगळ्या तुकड्यांनी ते पाहावेत, आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. त्यांत अंतर किती पडते, यावरून पाहणीचा खरेखोटेपणा समजे. यात कोणत्याही निरीक्षकाचा अपमान नव्हता. माणूस चुकतो, हे आधीच मान्य करून चुकीला सापडण्याची जागा करून ठेवलेली होती. सहायकाच्या बाबतीतही हेच शक्य आहे. एकच प्रश्न दोन रीतींनी सोडवून घ्यावा; छापील अहवालात जो आकडा आधीच प्रसिद्ध आहे तो प्रथम काढावयास लावावा आणि जुळतो का ते पाहावे; त्याने चालविलेली प्रत्येक आज्ञावली जपून ठेवावी आणि निदान एक तरी ओळीने ओळ वाचावी. यात तासाभराचा वेळ जाईल. जोडणीने वाचवलेल्या दिवसातून एवढा तास देण्याची आपली तयारी नसेल, तर आपल्याला काम झालेले नको आहे, फक्त हातावेगळे झालेले हवे आहे.

मराठेशाहीतील पत्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ठाऊक आहे की मजकूर लिहिणारा एक असे आणि शिक्का दुसऱ्याचा असे. पण पत्र जेथे संपे तेथे मर्यादेची म्हणून एक निराळी मुद्रा उमटवीत. तिचा अर्थ एवढाच, की लिहिणाऱ्याचा अधिकार येथे संपला; यापुढे कोणी एक अक्षरही घालू नये. लिहिणाऱ्यावर विश्वास होता म्हणूनच त्याच्या हाती लेखणी होती, आणि तरीही सीमा आखलेली होती. या दोहोंत त्या काळच्या माणसांना विरोध दिसला नाही.

पाहणीचा निरीक्षक ज्या दारी बसतो, तेथील बाई चुलीपाशी उठबस करीत आपल्या घरातले तेल, मीठ, डाळ यांचा हिशेब त्याला सांगते. तिला ना गुणक ठाऊक, ना सहायक. आपण सांगितले ते कोणीतरी नीट मांडील, एवढ्या भरवशावर ती दुपारचा वेळ देते. तो भरवसा तिने यंत्रावर ठेवलेला नसतो. कागदाच्या तळाशी ज्याचे नाव आहे, त्याच्यावर तो ठेवलेला असतो; आणि ते नाव आपल्यापैकी कोणाचे तरी आहे.