डोंगराच्या उतारावरचा वैद्य

सिरसाळ्याहून सकाळच्या एसटीनं परळीला निघालं, की खिडकीतून आधी दिसतात औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. वैद्यनाथाचं देऊळ नंतर. ते डोंगराच्या उताराला टेकून बसलंय, दगडी आणि शांत. दगडी पायऱ्या चढताना दम लागतो, अन् गप्पा आपोआप थांबतात.

आज दिसणारं मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. वैद्यनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी इथल्याच शिवलिंगात लपवले, अशी कथा. म्हणून इथं हात लावून दर्शन घ्यायची रीत आहे. नाडी बघायला वैद्याला हात द्यावा, तसं काहीसं.

वैद्यनाथाचं ज्योतिर्लिंग खरं परळीचं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद जुनाच. आमच्या भागात तो कुणी फारसा मनावर घेत नाही. महाशिवरात्रीला रांगेतली म्हातारी गुडघे धरून पायरीवर टेकते. मागचा अनोळखी पोरगा म्हणतो, "आजी, बसा निवांत, तुमचा नंबर मी धरतो."

आजी पदरातले दोन शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवते.