अंगावर कोण घेणार?

कोणत्याही खिडकीपाशी उभे राहिले की अलीकडे एक वाक्य हमखास कानांवर पडते : 'सिस्टीम घेत नाही.' बँक असो, तलाठ्याचे कार्यालय असो वा रेशनचे दुकान असो, वाक्य तेच. त्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. कर्ता सिस्टीम, खिडकीच्या अलीकडे ताटकळणारा माणूस त्या वाक्यात नाही आणि पलीकडे बसलेलाही नाही. पूर्वी याच खिडकीतून 'साहेबांनी नाही म्हटलंय' असे उत्तर मिळे. ते उत्तर काही गोड नव्हते. पण त्यात एक साहेब तरी होता. तो कुठे बसतो हे विचारता येई, त्याच्या दाराशी थांबता येई, फार झाले तर त्याला दोन शब्द सुनावून घरी येता येई. सिस्टीमला दार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. आपल्या मुलांच्या नोकऱ्या राहतील काय? आणि यंत्र एक दिवस माणसाहून शहाणे होईल काय? दोन्ही प्रश्न मोठे आहेत. आम्ही मात्र येथे एक लहान, घरगुती वाटणारा प्रश्न घेणार आहोत. एका माणसाविषयीचा निर्णय यंत्राने दिला आणि तो चुकला, तर ती चूक अंगावर कोणी घ्यायची? मराठीत जबाबदारी 'अंगावर' घेतात, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. यंत्राला अंगच नाही. त्याची झोप उडत नाही, त्याची मान खाली जात नाही, त्याला तुरुंगात टाकता येत नाही, आणि त्याला क्षमाही करता येत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे, हे इंग्लंडातील टपाल खात्याच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे. तेथे गावोगावची छोटी टपाल कार्यालये ही बहुधा एखाद्या दुकानातच असतात आणि दुकानदार दांपत्य ती चालवते. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पेन्शन, मनीऑर्डरी, तिकिटे, सारे त्यांच्याच हातून होते. साहजिकच त्यांना गावात मान असतो. १९९९ पासून या कार्यालयांत हिशेबासाठी 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. ती फुजित्सू या कंपनीने पुरवली होती. लवकरच अनेक ठिकाणी संध्याकाळचा हिशेब जुळेना. गल्ल्यातील रक्कम आणि पडद्यावरील आकडा यांत शेकडो, कधी हजारो पौंडांची तफावत दिसू लागली. कराराप्रमाणे तूट भरून देण्याची जबाबदारी दुकानदाराची. लोकांनी साठवलेले पैसे भरले, घरे गहाण टाकली, नातलगांकडून उसने घेतले. मदतीसाठी ठेवलेल्या दूरध्वनीवर विचारले, तर अनेकांना सांगण्यात आले की, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात.

ते एकटे नव्हते. पुढील सोळा वर्षांत, म्हणजे २०१५ पर्यंत, नऊशेहून अधिक टपालचालकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. त्यांतील बहुतेक खटले खुद्द टपाल खात्यानेच भरलेले होते. आपल्याकडून तिकडे गेलेल्या भारतीय वंशाची कुटुंबेही त्यांत बरीच होती. सीमा मिश्रा या त्यांपैकी एक. ७४ हजार पौंडांच्या चोरीच्या आरोपावरून नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या, आणि तो दिवस त्यांच्या थोरल्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. मधल्या साडेदहा वर्षांत त्या घराने काय सोसले असेल, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. गावात चोर म्हणून बोट दाखवले गेले की काय होते, हे आपल्या गावांनाही ठाऊक आहे.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रणालीतच दोष होते आणि तिच्यामुळे हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा करावा लागला. चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकरणापायी किमान तेरा जणांनी स्वतःचे जीवन संपवले असावे, असे त्यात नमूद आहे.

आता यातील एक बारकावा पाहा. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्याने अशी अट घातली होती की, संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणायचा असेल तर तो संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवून द्यावे. १९९९ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. म्हणजे यंत्र बरोबर आहे हे गृहीत, आणि ते चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार खेड्यातल्या दुकानदारावर. माणूस निर्दोष समजावा, हे न्यायाचे जुने तत्त्व. येथे ते यंत्राच्या वाट्याला आले.

आणखी एक गोष्ट. २०१२ ते २०१९ या काळात त्या टपाल खात्याच्या प्रमुखपदी असलेल्या बाई स्वतः अँग्लिकन पंथाच्या दीक्षित धर्मगुरू होत्या. आम्ही हे कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. उलट, यातच आम्हांला धोका दिसतो. दुष्ट माणसांची येथे गरजच पडली नाही. तपास करणाऱ्याने पडद्याकडे पाहिले, वकिलाने तपासाकडे, न्यायाधीशाने वकिलाकडे, वरिष्ठांनी अहवालाकडे. प्रत्येकाने आपल्यापुरते हात धुतले. पिलातानेही पाणी मागवून हात धुतले होते; पण विश्वासांगीकारात त्याचे नाव राहिले आणि आजही रविवारच्या मिस्साला आपण ते उच्चारतो. जेथे निर्णय सिस्टीमचा असतो तेथे असे उच्चारायला नावच उरत नाही.

होरायझन ही काही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. ते साधे हिशेबाचे यंत्र होते, आणि त्याची चूक कोठे झाली हे शोधू म्हटले तर शोधता येत होते. आजची यंत्रे याहून अवघड आहेत. त्यांना नियम शिकवलेले नसतात. जुनी लाखो उदाहरणे समोर ठेवून त्यांतील साम्ये त्यांनीच हुडकावीत, अशी त्यांची घडण असते. त्यामुळे एखादे उत्तर का आले हे बनवणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. आणि उदाहरणे जुनी, म्हणून जुने दोषही त्यांत उतरतात. अॅमेझॉन कंपनीने उमेदवारांचे अर्ज चाळण्यासाठी असे एक यंत्र करून पाहिले होते. पूर्वीचे बहुतेक अर्ज पुरुषांचे असल्याने ते स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागले. अखेर कंपनीने तो प्रयोग सोडून दिला, हे २०१८ मध्ये उघड झाले. नेदरलँड्समध्ये तर सरकारच कोसळले. मुलांच्या पाळणाघरासाठी पालकांना मिळणाऱ्या अनुदानात लबाडी कोण करत असेल, हे हेरण्यासाठी तेथील कर खाते असेच एक यंत्र वापरत होते, आणि परदेशी नागरिकत्व हे त्यात संशयाचे एक कारण धरले जात होते. हजारो कुटुंबांवर लबाडीचा शिक्का बसला. एखादी सही राहिली म्हणून सगळे अनुदान परत मागण्यात आले. ज्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर संशयिताची फाईल येई, त्यालाही संशय का, हे यंत्र सांगत नसे. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

यावर कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही, की माणसांच्या हातचा न्याय आपण भोगलेला आहे. रेशनच्या दुकानात खोट्या नोंदी होत, साखर काळ्या बाजारात जाई, ओळखीच्याला आधी आणि गरिबाला 'उद्या या'. यंत्र लाच मागत नाही, जात विचारत नाही, नाव वाचून कपाळाला आठ्या घालत नाही. ई-पॉस यंत्रे आली आणि काही चोरवाटा बंद झाल्या, हे आम्ही मान्य करतो. पण त्याच दुकानात दुसरे चित्रही आहे. जन्मभर मिठागरात राबलेल्या, वाडीत माती उपसलेल्या, कोळंबी सोलून बोटांची साल गेलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. जे हात अधिक राबले तेच हात यंत्राला परके. एकेकाळी आपण न शिकलेल्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हसत होतो. आता त्या अंगठ्यावर सगळे अडले आहे, आणि तोच झिजून गेला आहे.

बोट जुळले नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कळवलेले आहे. म्हणजे नियम आहे. उणीव आहे ती यंत्र बाजूला सारून, 'या आजींना मी ओळखतो, माझ्या सहीवर धान्य देतो' असे म्हणणाऱ्या माणसाची. तशी सही करणाऱ्याला उद्या वरून विचारणा होऊ शकते. सिस्टीमकडे बोट दाखवणाऱ्याला कोणी विचारत नाही. सारी गोम येथे आहे. हयातीच्या दाखल्याचे तसेच. तोही आता बोटाच्या ठशाने, आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही, देता येतो. अंथरुणाला खिळलेल्यांची त्यामुळे मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण ज्याचा ना ठसा जुळतो ना चेहरा, त्या पेन्शनरने आपण जिवंत असल्याचे कोणाला सांगावे? हा दाखला बहुतेकांना नोव्हेंबरात द्यावा लागतो. आपण मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो तो हाच महिना.

जोसेफ वायझेनबाम यांनी हे फार आधी ओळखले होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, हिटलरच्या राजवटीत आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेलेले हे संगणकतज्ज्ञ. माणसाशी संभाषण करू शकणारी एक प्रणाली त्यांनी १९६६ मध्ये जगापुढे ठेवली. ती केवळ समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारी. तरीही त्यांची स्वतःची सचिव तिच्याशी बोलू लागली आणि तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने ते हादरले. १९७६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी हिशेब करून ठरवणे आणि विवेकाने ठरवणे यांत भेद केला व दुसरे काम यंत्राला देऊ नये असे बजावले. जून २०२४ मध्ये इटलीत जी-सात राष्ट्रांच्या बैठकीत पोप फ्रान्सिस यांनी जवळजवळ हीच रेघ ओढली : यंत्र पर्यायांतून निवड करते, निर्णय माणूस अंतःकरणात घेतो. मराठीला या दोहोंसाठी जवळजवळचे शब्द आहेत, निवड आणि निवाडा. तांदूळ निवडतात, खडा कोणता, दाणा कोणता हे यंत्र आपल्या डोळ्यांहून चांगले सांगेल. निवाडा मात्र कोणाच्या तरी तोंडावर द्यावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने याच विषयावर प्रसिद्ध केलेल्या टिपणातही अंतिम जबाबदारी माणसाचीच, हा मुद्दा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ हे नाव घेताना, १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण केले व कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला.

यंत्राच्या मागे माणूस उभा असेल तर काय होते, याचे चांगले उदाहरणही आहे. छातीच्या क्ष-किरण चित्रांतून क्षयाचा संशय ओळखण्यासाठी अशा प्रणाली वापराव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. जेथे चित्र वाचणारा तज्ज्ञ मिळत नाही अशा आदिवासी पाड्यावर ती वरदान ठरू शकते. तेथे यंत्र संशय व्यक्त करते. थुंकी तपासली जाते, आणि औषध लिहिणाऱ्या डॉक्टरचे नाव कागदावर असते.

आपल्या शाळांपुरते आणखी एक सांगायला हवे, कारण आपल्यातील अनेकजण शिक्षक आहेत. मुले निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, ही तक्रार खरी आहे. मग त्यांना पकडण्यासाठी दुसरे यंत्र येते आणि ते सांगते, हा निबंध इतके टक्के यंत्राचा. ओपनएआय कंपनीने असे ओळखणारे आपले स्वतःचे साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, कारण ते पुरेसे अचूक नव्हते. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळले की, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध ही साधने यंत्राचे ठरवतात. त्यांची साधी, मोजक्या शब्दांची इंग्रजी यंत्राला यंत्रासारखी वाटते. घरी मराठी, सामवेदी वा कोळी बोली बोलून शाळेत इंग्रजी लिहिणारे मूल नेमके तसेच लिहिते. त्याच्या वहीवर टक्क्याचा आकडा लिहून मोकळे होता येते. किंवा मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवून विचारता येते, 'बाळा, या वाक्यात तुला काय म्हणायचं होतं, सांग बघू?' दहा मिनिटे लागतात, आणि साठ मुलांच्या वर्गात तेवढी कोठून आणायची, हे शिक्षकाचे दुखणे आम्हांला ठाऊक आहे. बहुधा त्या दहा मिनिटांत मुलाचे कळते. कधी तेवढ्यानेही कळत नाही. मग जो गुण द्यायचा तो आपल्याच नावाने, शंका मनात ठेवून द्यावा लागतो, आणि पालक भेटायला आले तर त्यांच्यासमोर बसावे लागते.