घरची मांजरी व दारी आलेले पिलू

आपल्या शास्त्रातील 66 पुस्तकांत सिंह आहे, कुत्रा आहे. परंतु घरच्या मांजराचे नाव नाही. म्हणून मांजराविषयी आपणांस काही कर्तव्यच नाही असे कोणी समजू नये. नीतिसूत्रे 12:10 मध्ये पशूंच्या जिवाविषयी जो बोध आहे, त्यातून मांजर वगळलेले नाही. जनावर उपाशी तडफडेल अशा रीतीने विनाकारण टाकून देणे हा 1960 च्या कायद्यान्वये अपराधही आहे.

डहाणूच्या बंदरावर मासळीच्या वासाने भटकणारे पिलू कोणी दयेने घरी आणितो. घरची मांजरी फिसकारते, बोचकारते. तेव्हा तिला दुष्ट म्हणून मारावे काय? माझ्या मते येथेच आपल्या दयेची पारख होते. दया करणारे आपण. तिचे मोल मात्र जुन्या मांजरीने द्यावे, हा न्याय नव्हे. तिला कोणी विचारले होते?

मांजर वासावरून आपपर ओळखते. यास्तव नवे पिलू आठवडाभर, लागल्यास अधिक दिवस, निराळे ठेवावे. एकाच्या अंथरुणाचे फडके दुसऱ्याजवळ टाकावे. मग आडोशाच्या दोन्ही अंगांस दोघांच्या थाळ्या मांडाव्या. तलासरीकडील कुडाच्या घरात दुसरी खोली कोठली, असे कोणी म्हणेल. माळा आहे, गोठ्याचा कोपरा आहे. आणि न सारवलेल्या कुडातून वास आरपार जातो, तो या कामी उपयोगीच पडतो. टोपलीखाली मात्र कोंडू नये.

कित्येक मांजरे एकमेकांस शेवटपर्यंत केवळ सोसतात. एक चुलीपाशी निजते, दुसरे ओटीवर. त्यांस तसेच निजू द्यावे.