अर्ध्या डावात बदललेला नियम

गोट्यांचा डाव ऐन रंगात आला होता. ज्याच्या अंगणात तो मांडला होता, त्या मोठ्या मुलाने एकाएकी जाहीर केले की, यापुढे जिंकलेल्या गोट्या कोणी कोणाला द्यायच्या नाहीत आणि बदलायच्याही नाहीत. लोधीखेड्यातील आमच्या बालपणीची ही गोष्ट. आमची एकही गोटी कोणी हिसकावली नव्हती, खिसा पूर्वीइतकाच जड होता. तरी घरी परतताना डोळ्यांत पाणी होते. आत निळे फूल असलेली एक गोटी आम्ही मित्राला द्यायची कबूल केली होती आणि तिच्या बदल्यात तो मांजाची रीळ देणार होता. तो सौदा मोडला आणि दुसऱ्या दिवशी त्या अंगणात कोणीच खेळायला गेले नाही.

परवा ही आठवण अकस्मात जागी झाली. आमच्या घरातील नातू दोन वर्षे एक ऑनलाइन खेळ खेळत होता. रात्री जागून त्याने काही दुर्मीळ आयुधे मिळवली होती आणि त्यांतील एक नागपूरच्या मित्राला देण्याचे ठरवले होते. एके सकाळी सूचना आली की, खेळाडूंमधील देवघेव बंद करण्यात आली आहे. पोरगा दोन दिवस गप्प होता. ‘खेळच तो, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’ असे आम्ही वडीलधाऱ्यांच्या सवयीने म्हणालो. त्यावर तो म्हणाला, ‘आबा, खेळ त्यांचाच आहे हो, पण दोन वर्षे तर माझी होती ना?’ या प्रश्नाला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. ते शोधण्याचा हा प्रयत्न.

असा प्रश्न जगात यापूर्वीही विचारला गेला आहे. इंग्लंडातील केंब्रिज येथील जॅजेक्स कंपनीचा ‘रुनस्केप’ हा खेळ २००१ साली सुरू झाला. त्यात लाकडे तोडावी, मासे धरावे, खाणी खोदाव्या आणि मिळाले ते इतरांशी बदलावे, असा सारा संसार होता. पुढे खेळातले सोने खऱ्या पैशाला विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. त्यामागे चोरलेल्या क्रेडिट कार्डांचे गैरव्यवहारही होते. म्हणून जानेवारी २००८ मध्ये कंपनीने देवघेवीवर कडक मर्यादा घातली. दोन्ही बाजूंच्या वस्तूंची किंमत जवळपास सारखी असेल तरच सौदा होऊ लागला. कारण खरे होते आणि अडचणही खरी होती. पण या नियमाने चोराबरोबर दात्याचाही हात बांधला. नवख्या भिडूला एखादी चांगली तलवार सहज देऊन टाकण्याचा आनंद संपला. हजारो खेळाडूंनी निषेध केला, कित्येक सोडून गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये कंपनीने खेळाडूंचे मत घेतले. बारा लाखांहून अधिक मते पडली, त्यांतील ९१ टक्के जुनी मोकळीक परत आणण्याच्या बाजूची होती. १ फेब्रुवारी २०११ पासून ती परत आली. तिच्यासोबत लबाडांचा उपद्रवही परत आला, हेही सांगितले पाहिजे.

यावरून कोणी म्हणेल की, व्यापार मोकळा ठेवला म्हणजे खेळ सुखाचा होतो. तसेही नाही. मे २०१२ मध्ये आलेल्या ‘डायब्लो ३’ या खेळात राक्षस मारून शस्त्रे मिळवायची असत. त्यात कंपनीने स्वतःच लिलावाचा बाजार उघडला आणि लवकरच तेथे खऱ्या पैशांचे सौदेही होऊ लागले. परिणाम असा झाला की, राक्षसाशी झुंजण्यापेक्षा बाजारात जाऊन शस्त्र विकत घेणे सोपे ठरले. जे कष्टाने मिळवायचे तेच विकत मिळू लागल्यावर ते मिळवण्यात गोडी उरली नाही. हा बाजार खेळाच्या गाभ्यालाच बाधतो हे कंपनीने मान्य केले आणि १८ मार्च २०१४ रोजी तो बंद केला.

तेव्हा खेळाचा आनंद देवघेव असण्यात वा नसण्यात नाही. तो कशात आहे? आम्हांस वाटते, आपण घेतलेल्या श्रमाला ठरल्याप्रमाणे फळ येईल या विश्वासात तो आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ या १९३८ सालच्या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला आहे. लबाड निदान नियम मानण्याचे सोंग तरी करतो; खेळ मोडणारा रिंगणच पुसून टाकतो. आजच्या खेळांनी यात तिसऱ्या माणसाची भर घातली आहे. तो रिंगणाचा मालक आहे. तो स्वतः खेळत नाही, पण रेषा हव्या तेव्हा पुसून नव्या आखू शकतो. नियम लिहिण्याचा अधिकार त्याचा आहे, हे मान्य. परंतु नियम जाहीर होताच तो एक शब्द होतो, आणि त्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपल्या आयुष्याचे तास दिलेले असतात. शब्द देणाऱ्याला तो बदलताना, ज्याला दिला त्याला विचारावे लागते. आमच्या अंगणांत लहानग्याला ‘कच्चे लिंबू’ म्हणून सवलत दिली जाई. तोही नियमबदलच होता, पण डाव सुरू होण्यापूर्वी आणि सर्वांच्या संमतीने.

मग संमती हाच एकमेव निकष का? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो. शेकडो जखमी होतात, काहींनी प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले. खेळणाऱ्यांची संमती आहे म्हणून येथे नियम बदलू नये, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. जेथे एखाद्या घरातला माणूस जातो, तेथे ते घरही त्या खेळात ओढले जाते आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते. हाच न्याय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना लागू होतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून त्यांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. ज्या खेळात कुटुंबाची पुंजी बुडते, तो रोखण्याचा अधिकार समाजाला आहे. मात्र बंधन अपायाएवढेच असावे. चोरी रोखताना भेटही रोखली, तर तो न्याय अपुरा राहतो. आणि पांढुर्ण्याचे रबरी चेंडू हेही शिकवतात की, योग्य नियमसुद्धा खेळणाऱ्यांना आपला वाटल्याखेरीज रुजत नाही.

आपल्या घराण्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपली घरे, शेते, विहिरी सर्व जागच्या जागी राहिली. कालपर्यंत आपली राजधानी असलेले नागपूर मात्र दुसऱ्या राज्यात गेले. कोणी काही हिसकावले नव्हते. तरी ज्यांनी मुलांचे शिक्षण, नोकरी, सोयरीक यांचे बेत जुन्या व्यवस्थेवर विसंबून आखले होते, त्यांना आपला डाव मध्येच बदलल्यासारखे वाटले. राज्यरचनेची कारणे मोठी होती, आणि आपण नव्या व्यवस्थेत मनापासून नांदलोही. परंतु तेव्हाचे ते मौन आम्ही आमच्या आजोबांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे, आणि परवा नातवाच्या चेहऱ्यावर त्याची पुसटशी छाया दिसली. दोन्ही दुःखांची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. मात्र दोहोंचे मूळ एकाच जातीचे आहे.

म्हणून नातवाला आता आमचे उत्तर असे आहे: खेळ त्यांचा आहे, हे खरे, पण दोन वर्षे तुझी होती, हेही तितकेच खरे. त्यांनी तुला कारण सांगायला हवे होते, विचारायला हवे होते, आणि दिलेला शब्द पुरा करायला मित्राकरता चार दिवसांची सवड द्यायला हवी होती. ‘खेळच तो’ हे आमचे बोलणे आम्ही मागे घेतो. ती निळ्या फुलाची गोटी आम्ही दुसऱ्या दिवशी मित्राच्या घरी नेऊन दिली होती, हे मात्र त्याला सांगायचे राहिले आहे. आज रात्री सांगू.