गुणाची साक्ष

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील एखाद्या विलायती साप्ताहिकाचा जुना बांधीव खंड ज्यांनी चाळला असेल, त्यांस त्यातील लेखांपेक्षा जाहिरातींचीच पाने अधिक बोलकी वाटली असतील. एका पानावर कोणा लॉर्डसाहेबांचे भाषण असते. ते उलटताच गोळ्या, मलमे, अर्क आणि शक्तिवर्धके ह्यांची जत्रा भरलेली दिसते. निद्रानाशापासून संधिवातापर्यंत एकाच बाटलीची मजल! आजच्या सुशिक्षित वाचकास ह्याचे हसू यावे हे साहजिक आहे. परंतु हसून पान उलटण्यापूर्वी जाहिरातीखाली बारीक ठशात छापलेल्या पत्रांपाशी त्याने क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. कोणी विधवा बाई, कोणी निवृत्त सार्जंट, कोणी खेड्यातील पाद्री लिहितो की, सर्व उपाय थकले होते, आपल्या औषधाने गुण आला. ही सारीच पत्रे बनावट असती तर प्रश्न सोपा होता. कित्येक बनावट होतीही. पण पुष्कळ पत्रे खऱ्या माणसांनी, खऱ्या कृतज्ञतेने लिहिलेली होती. प्रामाणिक मनुष्याची प्रामाणिक साक्ष असत्याच्या कामी आली, तर दोष कोणाचा? हा प्रश्न आम्हांस फार दिवस छळीत आला आहे. त्याला घरगुती कारण आहे. ते पुढे येईलच.

लँकेशायरमधील सेंट हेलेन्स गावच्या टॉमस बीचम ह्यांच्या गोळ्यांची डबी एका गिनीच्या मोलाची आहे, असा त्यांचा डांगोरा असे. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. डबी मिळे एक शिलिंग दीड पेनीस. त्यातील दीड पेनी सरकारी तिकिटाची. औषधांवरील हा तिकीटकर १७८३ साली बसला आणि १९४१ पर्यंत चालला. तिकीट केवळ कराचे. पण भोळे गिऱ्हाईक त्यास सरकारची हमी समजे, आणि तो समज दूर करण्याची विकणारास मुळीच घाई नव्हती. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचे पुस्तक काढून अशा गुप्त औषधांचे पृथक्करण चव्हाट्यावर मांडले. बीचमच्या गोळीत निघाले काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण! छप्पन्न गोळ्यांतील द्रव्यांची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. (ह्या पुस्तकाची जाहिरात घेण्यास कित्येक वृत्तपत्रांनी नकार दिला. मासिकांनाही मलपृष्ठ असते. तेव्हा ह्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही.)

आता काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस. तो रेचक आहे. दिवसभर खुर्चीवर बसून कोठा जड झालेला कारकून रात्री दोन गोळ्या घेई, सकाळी त्यास हलके वाटे, आणि तो गुण आल्याचे पत्र लिही. त्यात त्याने खोटे काय लिहिले?

कॅनडातील ब्रॉकव्हिलच्या फुलफर्ड नामक व्यापाऱ्याने १८९० साली हक्क विकत घेतलेल्या डॉक्टर विल्यम्सच्या गुलाबी गोळ्यांची गोष्ट ह्याहून बिकट आहे. त्यांत लोह होते. रक्तक्षयाने पांढऱ्याफटक पडलेल्या मुलींस लोहाने खरोखरच रंग चढे. औषध खरे, गुण खरा, पत्रही खरे. परंतु त्याच गोळ्या पक्षाघातावरही विकल्या जात. मुलीच्या गालांवरील लाली पक्षाघाताने पडलेल्या मनुष्यास तारण म्हणून दाखविली जाई. तिला हे ठाऊक नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते.

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तर्कशास्त्री ह्यासच काकतालीय न्याय म्हणतात. बहुतेक दुखणी आपल्या पायांनी येतात व आपल्याच पायांनी जातात. दुखणे अगदी शिगेला पोहोचले की मनुष्य बाटली आणतो, आणि शिगेनंतर उतार असतोच. ‘नंतर’ घडले एवढेच रोग्यास दिसते. ‘त्यामुळे’ घडले हे त्यास दिसत नसते, तरी तो लिहितो मात्र तेच. शिवाय ज्यास गुण आला नाही तो पत्र लिहीत नाही, आणि जो मेला त्यास तर लिहिताच येत नाही. पत्रांच्या ढिगाशेजारी न आलेल्या पत्रांचा ढीग कोणास दिसणार? एकट्या कारखानदारास. बाटल्या किती गेल्या आणि पत्रे किती आली, हा हिशेब त्याच्याच वहीत असतो, आणि बाटलीत काय आहे हेही त्यासच ठाऊक असते. म्हणून दोषाचा मोठा वाटा आम्ही त्याच्या पदरी घालतो.

हा हिशेब कसा फिरवता येतो, ह्याचा मासला कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीच्या खटल्यात सापडतो. आपल्याकडेही कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा खटला वाचतो. नाकाने हुंगण्याचा कार्बोलिकचा रबरी गोळा दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरूनही ज्यास इन्फ्लुएन्झा होईल त्यास १०० पौंड देऊ, आणि त्यासाठी बँकेत १००० पौंड ठेवले आहेत, अशी जाहिरात कंपनीने १८९१ साली केली. कार्लिल नावाच्या बाईंनी तो वापरला, आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांस इन्फ्लुएन्झा झाला. कंपनीचा एक बचाव ऐकण्यासारखा आहे: ही निव्वळ बढाई होती, कोणी शब्दशः खरी मानावी म्हणून केलेली नव्हती. न्यायाधीशांनी बँकेतील रकमेकडे बोट दाखविले आणि बाईंस पैसे देवविले. पुढे काय झाले? १८९३ साली २०० पौंडांच्या बक्षिसाची नवी जाहिरात आली. हजारो गोळे खपले आणि १०० पौंड मागावयास तिघेच आले, हाच तीत औषधाच्या गुणाचा पुरावा! हरलेला खटलादेखील साक्षीदार झाला.

ह्या व्यापाराची दुसरी बाजू आम्ही विसरत नाही. त्या काळचे पदवीधर डॉक्टर तरी काय देत होते? रक्त काढीत, पाऱ्याचे कॅलोमेल पाजीत आणि वर फी घेत. गरिबाने शिलिंगभर आशा विकत घेतली तर त्यास नावे ठेवणारे आपण कोण? लिडिया पिंकहॅम ह्या मॅसॅच्युसेट्समधील बाईंनी १८७५ पासून विकलेल्या वनस्पतीच्या काढ्यात सुमारे १८ टक्के मद्यार्क होता. मद्यपाननिषेधाच्या कट्टर पुरस्कर्त्या स्त्रियाही तो चमच्याने घेत आणि प्रसन्न होत. परंतु पुरुष डॉक्टरांपुढे जे बोलता येत नव्हते ते बायकांनी पत्रांतून पिंकहॅमबाईंस कळवावे, असे आवाहन त्या जाहिरातीत असे, आणि स्त्रिया खरोखर लिहीत. ऐकणारे कोणी आहे, हेच त्यांचे निम्मे औषध असेल. ऐकणारे मात्र नव्हते. बाई १८८३ साली वारल्या. त्यांच्या नावाने पत्रे मागविणे पुढेही चालूच राहिले. शेवटी १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापले.

आशा विकण्यात काय वावगे, असे म्हणणारांनी मिसेस विन्स्लो ह्यांच्या बाळशामक सरबताचा विचार करावा. दात येताना रडणाऱ्या मुलास ते पाजावयाचे. मातांची पत्रे येत, बाळ रडायचे थांबले, गाढ झोपले. अक्षर नि अक्षर खरे! बाटलीत मॉर्फीन होते. काही मुले त्या झोपेतून उठली नाहीत. ज्या मातेचे मूल उठले तिच्या पत्रावर विसंबून दुसरीने बाटली आणली. पहिली खोटे बोलली असे कोण म्हणेल? तरी तिच्या हस्ताक्षरावाचून ती बाटली त्या दुसऱ्या पाळण्यापाशी पोहोचली नसती.

आता घरची गोष्ट. आम्ही शाळेत होतो तेव्हा आमच्या आत्याबाई विषमज्वरातून उठल्या आणि अशक्तपणासाठी त्यांनी एका देशी कंपनीचे टॉनिक घेतले. महिन्याभरात त्या पाणी ओढू लागल्या. कंपनीस आभाराचे पत्र धाडावे असे त्यांच्या मनात आले. त्यांस लिहिण्याचा सराव नव्हता, म्हणून ते आम्ही लिहिले, आणि आमच्या वळणदार अक्षराचा आम्हांस त्या वेळी अभिमानही वाटला. कंपनीच्या पुढल्या माहितीपत्रकात पत्र नावगावासह छापून आले. शेजारच्या बाई ते हाती घेऊन विचारावयास आल्या, “आत्या, खरंच गुण आला का हो?” आत्याबाई म्हणाल्या, “खोटं कशाला सांगू? आला.” त्या बाईंच्या यजमानांचा खोकला जुना होता. तीन बाटल्या संपेपर्यंत पावसाळा सरला; मग त्यांस मिरजेस नेले, तेव्हा दोन्ही फुप्फुसे गेली होती.

त्या घरी भेटून आल्यावर आत्याबाईंनी फडताळातून ते माहितीपत्रक काढावयास लावले आणि पत्र आमच्याकडून पुन्हा वाचून घेतले. “ह्यात मी चुकीचं काय सांगितलं रे?” त्यांनी विचारले. आम्ही पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून पाहिले. चुकीचा शब्द एकही सापडला नाही.