संमती कोणाची?

मेरुदंडात उद्भवणाऱ्या 'कॉर्डोमा' नामक अर्बुदाविषयी आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. दहा लक्ष माणसांत वर्षाकाठी सुमारे एकालाच ते होते. गर्भावस्थेतील पृष्ठरज्जूचे जे अवशेष हाडांत राहून जातात, त्यांतून ते जन्मते. वाढते सावकाश, परंतु कापून काढले तरी पुष्कळदा त्याच जागी परतते.

त्याचा बंदोबस्त करावयाचा तर ७० ग्रे वा त्याहून अधिक किरणमात्रा लागते. शेजारचा मज्जारज्जू मात्र सुमारे ५० ग्रेपर्यंतच ती निर्धास्तपणे सोसतो. क्ष-किरण देहातून आरपार जातात; प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर आपली बहुतेक शक्ती टाकून थांबतो. त्याचा हा उपयोग रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली सुचविला. जपानात चिबा येथे १९९४ पासून कार्बनच्या अणुकेंद्रांनीही उपचार होऊ लागले. आपल्याकडे चेन्नईस २०१९ साली व खारघरच्या टाटा केंद्रात २०२३ साली प्रोटॉन-उपचार सुरू झाले.

येथवर सारे विज्ञानाचे कौतुक झाले. अर्बुद परतले म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. मज्जारज्जू पूर्वीची मात्रा विसरत नाही. काळाने काही अंशी सावरतो, इतकेच. पुन्हा किरण द्यावे तर पायांतील शक्ती वा मलमूत्रावरील ताबा जाण्याचा संभव. न द्यावे तर अर्बुद तेच करील. शिवाय किरणांची ही हानी तत्काळ दिसत नाही. ती महिन्यांनी, कधी वर्षांनी प्रकटते, आणि तोवर 'गुण आला' म्हणून घरात पेढेही वाटून झालेले असतात.

अशा वेळी आपल्या कुटुंबांत 'त्यांना काही सांगू नका' हे वाक्य ठरलेले! जेथे निवडण्यासारखे काही उरलेच नाही, तेथे हे मौन दयाबुद्धीचे आहे असे घटकाभर मानूही. येथे मात्र दोन हानींतून एक पत्करावयाची आहे. आणि कोणती सोसवेल हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पहाटे ओलेत्याने गाभाऱ्यात उभे राहणाऱ्या पुजाऱ्याचे उत्तर एक, दोन वर्षे का होईना, पण वेदनेवाचून नातवंडांत काढू इच्छिणाऱ्याचे दुसरे. 'तुम्हीच ठरवा' असेही कोणी म्हणेल. तोही निर्णयच होय, पण तो त्याने करावा.

प्रत्यक्षात हा प्रश्न बहुधा ओसरीत उभ्या असलेल्या मुलास विचारला जातो, आणि ज्याचे पाय, तो आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेला असतो.