राखण न करणारा कुत्रा

आमच्या घरी कुत्रा आहे असं सांगितलं की समोरचा आधी नमाजाचं विचारतो. प्रश्न रास्त आहे. कोकणातले आम्ही बहुतेक मुसलमान शाफई. कुत्र्याची लाळ लागलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने, हे आम्हाला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक. मालिकी पंथात कुत्र्याला नापाक मानत नाहीत, हे पुढे वाचनात आलं. पण अम्मीसमोर इमाम मालिकांचा दाखला द्यायची हिंमत आम्ही कधी केली नाही. आम्ही दुसरी वाट काढली. राखणीसाठी, गुरांसाठी, शिकारीसाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्ये सवलत आहे. आमचं घर वाडीच्या टोकाला, परसात कोंबड्या. ‘राखणीला राहील,’ आम्ही म्हणालो. अम्मीने अट घातली की पडवीच्या आत पाऊल नाही, आणि भांडं वेगळं.

अडचण एवढीच की शेरू राखण करत नाही.

शेरू हे नाव मुलांनी ठेवलं. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठ बुडवून गेलं, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हा गोठ्यामागे दिसला. शेपूट पोटाखाली, कान मागे, आणि नजर कुठेच नाही. छत्री उघडली की पळायचा. ताट पडलं, कुकरची शिट्टी झाली, रस्त्यावरून वडाप गेली, की लाकडांच्या ढिगामागे. पावसाची सर पत्र्यावर वाजू लागली की थरथर कापायचा. आम्ही लगेच निदान केलं: पुरात सापडला असणार.

हे निदान आमच्या बी.एड.ला साजेसं होतं. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरला पावलोव्ह हमखास येतो. घंटा, अन्न, लाळ, दहा गुण. पण पावलोव्हच्या कुत्र्यांची पुराची हकिकत आम्हाला कुणी शिकवली नव्हती. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये नेवा नदीचं पाणी त्याच्या कुत्र्यांच्या खुराड्यांत शिरलं. कुत्र्यांना पोहत पोहत बाहेर काढावं लागलं. त्यानंतर काही कुत्री शिकलेलं विसरली, आणि सावरल्यावरही दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडली तर पुन्हा बिघडली. ज्या कुत्र्यांचा स्वभाव मुळात दबका होता त्यांच्यावर हा घाव खोल गेला, असं पावलोव्हने नोंदवलं. हे वाचल्यावर शेरूबद्दलची आमची माया दुप्पट झाली. बिचाऱ्याने काय काय सोसलं असेल! पाहुण्यांना आम्ही ही कथा रंगवून सांगायचो, आणि पाहुणेही चुकचुकायचे.

वर्षभराने वरच्या वाडीतला एक गुराखी आला. शेरूला पाहून म्हणाला, ‘हा अजून जिवंत आहे? आमच्याकडच्या पडक्या घरात कुत्री व्याली होती, त्यातला हा. बाकीची पोरांच्या अंगाखांद्यावर खेळायची, हा पहिल्यापासून असाच.’ वरच्या वाडीत पुराचं पाणी गेलंच नव्हतं.

आता खरं सांगायचं तर आम्हाला राग आला. कुणावर ते कळेना. त्याच कुत्र्याची तीच थरथर आदल्या दिवशी आम्हाला दुःखाची वाटत होती, आता भेकडपणाची वाटू लागली. म्हणजे इतके दिवस आम्ही शेरूला सांभाळत नव्हतो, त्याच्या कथेला सांभाळत होतो. दुबळेपणाला कारण असेल तरच आम्ही तो माफ करतो की काय? आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखं कारणच नाही, त्याने कुठे जावं?

कारणं अर्थातच असतात. अमेरिकेत १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लांना कुंपण घातलेल्या रानात माणसांपासून दूर वाढवलं होतं; जी चौदा आठवड्यांपर्यंत माणसाला भेटलीच नाहीत, ती पुढेही त्याच्याजवळ येईनात. काही भय रक्तातूनच येतं. पण एकाच पोटची, एकाच पडक्या घरातली भावंडं पोरांत खेळत असताना हाच का असा, याचं उत्तर त्या गुराख्यापाशीही नव्हतं.

याच रागाच्या भरात आम्ही एक चूक केली. तोवर मोठ्या कष्टाने थोडं जमलं होतं. त्याच्याकडे पाठ करून बसायचं, भाकरीचं भांडं रोज वीतभर जवळ आणायचं. आठ महिन्यांनी तो आमच्यादेखत खाऊ लागला होता. पण फाटकाबाहेर तो जात नसे. एका रविवारी आम्ही गळ्यात दोरी बांधली आणि ओढत रस्त्यावर नेलं. एकदा बाहेर पडला की भीती मोडेल, असा हिशेब. त्याने चारी पाय जमिनीत रोवले, मग आडवा पडला, मग जागीच मुतला. दोरी सोडल्यावर तो लाकडांमागे गेला तो तीन दिवस बाहेर आला नाही. आठ महिन्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून.

त्या तीन दिवसांत आम्हाला एक मुलगा फार आठवला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाचवीत होता. अक्षर मोत्यासारखं, पण वर्गात तोंडातून शब्द नाही. आईला बोलावून आम्ही खोदखोदून विचारलं: घरात मारझोड? आजार? ती म्हणाली, ‘नाही हो सर, तो असाच आहे.’ हे उत्तर आम्हाला पटलं नाही. २६ जानेवारीला त्याला भाषणाला उभं केलं. घोकून घेतलं होतं, सगळं पाठ होतं. व्यासपीठावर तो दोन मिनिटं उभा राहिला. आम्ही मागून ‘बोल, बोल’ म्हणत होतो. पोरं हसू लागली. तो बोलला नाही. त्यानंतर सातवीपर्यंत आमच्या शाळेत होता, पण आमच्याकडे मान वर करून त्याने कधी पाहिलं नाही. प्रगतिपुस्तकात आम्ही दर वर्षी लिहीत राहिलो: सुधारणा आवश्यक.

वाचक विचारतील, मग शिक्षकाने मुलाला आहे तसाच सोडून द्यायचा का? शाळा कशासाठी? हा प्रश्न आम्हाला अजून सुटलेला नाही. पाठ करून बसणं आणि भांडं वीतभर सरकवणं, हेही शिकवणंच होतं, आणि ते सोडायचं नाही एवढं कळतं. पण भांडं कुठे थांबवायचं, ते आम्ही ठरवायचं की त्याने? शिवाय एक शंका छळते. आम्ही शेरूला कबूल केलं म्हणतो, की नुसते कंटाळलो? वरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक बहुधा इतकाच की कंटाळलेला माणूस बघायचं सोडून देतो.

यंदा वर्गात तशीच एक मुलगी आहे. उत्तर ती शेजारणीच्या कानात सांगते, शेजारीण मोठ्याने सांगते. आम्ही दोघींना शाबासकी देतो. भाषणांच्या यादीत तिचं नाव आम्ही घातलेलं नाही. बरोबर केलं की नाही, ते दहा वर्षांनी कळेल, तेही कदाचित.

शेरूला येऊन चार पावसाळे होऊन गेले. तो फाटकापर्यंत येतो, पुढे नाही. गेल्या थंडीत रात्री कुणी परसात शिरलं आणि दोन कोंबड्या गेल्या. शेरू पडवीतल्या बाकाखाली होता, हूं की चूं नाही. सकाळी आम्हाला वाटलं, आता अम्मी सवलतीचा हिशेब काढणार: राखणीला ठेवलेला कुत्रा राखण करत नाही, तर ठेवायचा कशाच्या आधारावर? आम्ही मनात उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीचं पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, त्या हदीसमधला कुत्रा कुणाची राखण करत होता? आणि असहाबे कहफचा कुत्रा? कुरआनात तो गुहेच्या उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून पडलेला आहे, इतकंच.

यातलं काही बोलायची वेळ आली नाही. अम्मीने खुराड्याची कडी पाहिली, रिकामी जागा पाहिली, मग बाकाखाली वाकून पाहिलं. त्याच्या भांड्यात भाकरी कुस्करून टाकली आणि हात धुता धुता म्हणाली, ‘याला काय बोलायचं. चोर आला तर आता आपणच उठायचं.’

दुसऱ्या दिवशी आम्ही परसात दिवा लावून घेतला.